जुन्या गाडीचा कॅम्बर घरच्या घरी कसा सुधारायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्याला वर्तकनगरात राहतो. २००१ सालची झेन अजून रोज चालवतो आणि तिच्या पुढच्या चाकांखाली गेल्या काही वर्षांत बरेच रविवार घालवले आहेत. सोसायटीतले, ऑफिसातले लोक टायर आतून खाल्ला गेला की फोन करतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः ८००, झेन, जुनी आल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाड्यांसाठी आहेत.

कॅम्बर म्हणजे नेमकं काय?

गाडी सपाट जागी उभी करा, समोर चार पावलं मागे जाऊन उकिडवे बसा आणि पुढचं चाक बघा. चाक सरळ उभं आहे की कलंडलेलं? तो कल म्हणजे कॅम्बर. चाकाचा वरचा भाग इंजिनाकडे झुकला असेल तर निगेटिव्ह, बाहेर झुकला असेल तर पॉझिटिव्ह. छोट्या गाड्यांत हा कोन शून्याच्या आसपास, फार तर अंशभर इकडे-तिकडे असतो. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. नुसत्या डोळ्यांना कल स्पष्ट दिसत असेल तर प्रकरण बरंच पुढे गेलंय असं समजा.

दोष कॅम्बरचाच आहे हे कशावरून ओळखायचं?

टायरवरून. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे टायरची आतली कड समोर येते. गाडी सरळ उभी असताना ही कड दिसतच नाही आणि घोळ तिथेच होतो. माझ्या डाव्या टायरच्या बाहेरच्या नक्षीत नाणं उभं राहत होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. घोडबंदर रोडला पंक्चर काढायला चाक उतरवलं तेव्हा आतल्या कडेला रबर संपून तारा दिसत होत्या.

आता तळवा टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एकच कड झिजलेली पण हाताला गुळगुळीत लागत असेल तर संशय कॅम्बरवर. एका दिशेने हात मऊ जातो आणि उलट दिशेने करवतीसारखा अडकतो, तर दोष टो-चा, म्हणजे दोन्ही चाकं पुढे एकमेकांकडे वळलेली किंवा फाकलेली आहेत. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर हवा कमी ठेवली जाते. मधलाच पट्टा झिजला असेल तर हवा जास्त. जुन्या गाडीत कॅम्बर आणि टो दोन्ही एकदम बिघडलेले असणं अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे गुळगुळीत आणि करवती अशा दोन्ही खुणा एकाच टायरवर सापडल्या तर गोंधळू नका.

गाडी डावीकडे ओढते. कॅम्बरच ना?

लगेच तसं धरू नका. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो. स्टेअरिंग सैल सोडलं की चांगली गाडीही हळूहळू डावीकडे जाते. पहाटे रस्ता मोकळा असताना, शक्यतो सपाट रस्त्यावर आणि बेताच्या वेगात बघा. पाम बीच रोडसारख्या रुंद रस्त्यावर हे चांगलं कळतं.

तरीही ओढत असेल तर आधी चारही टायरांतली हवा मोजा. मग पुढचे दोन टायर आपापसात बदलून बघा. ओढ बाजू बदलत असेल तर दोष टायरचा. ओढ तशीच राहिली तर दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये फरक असू शकतो. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर जास्त पॉझिटिव्ह त्या बाजूला ओढते. दोन्हीकडे सारखाच निगेटिव्ह असेल तर गाडी सरळ चालते आणि दोन्ही टायर आतून गुपचूप खात राहते.

स्टेअरिंग ऐंशीच्या वेगाला थरथरतं, त्याचं काय?

ते बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा फुगलेला टायर. कॅम्बरने थरथर होत नाही.

अलाइनमेंटवाला म्हणतो, "साहेब, या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही." खरं आहे?

अर्धं खरं आहे. या गाड्यांत कंपनीने कॅम्बरसाठी वेगळा स्क्रू दिलेला नाही. दुकानात पुढचा टो लावतात, कारण टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा, फिरवला की काम होतं. कॅम्बरचा आकडा स्क्रीनवर लाल दिसत असतो, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

उरलेलं अर्धं असं, की स्क्रू नसतानाही कारखान्यातून निघाली तेव्हा याच गाडीचा कॅम्बर बरोबर होता. म्हणजे मधल्या काळात काहीतरी झिजलं, बसलं किंवा वाकलं. ते शोधून बदललं की कॅम्बर बहुतेक वेळा आपोआप जागेवर येतो. या पानावर मला जे सांगायचंय त्याचा गाभा हाच आहे. झिजलेला भाग तसाच ठेवून कोन जुळवलात, तर तो भाग आणखी झिजणार आणि जुळवलेला कोन पुन्हा जाणार.

मग बिघडतं काय काय?

लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचं, रबरी बुश. रबर पंधरा-वीस वर्षांत कडक होतं, चिरतं, आणि आर्मचं आतलं टोक जागेवरून हलायला लागतं. लोअर बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोलाकार सांधा, झिजतो. व्हील बेअरिंग ढिलं होतं. स्ट्रटच्या वरच्या माउंटिंगचं रबर बसतं. स्प्रिंग दबते आणि गाडी खाली आली की चाकाचा माथा आत जातो. हे सगळं वयामुळे होतं.

दुसरा प्रकार मार लागण्याचा. मुंब्रा बायपासला किंवा शिळफाट्याकडे पाण्याने भरलेल्या खड्ड्यात चाक जोरात आपटलं की स्ट्रट, नकल (चाकाचं बेअरिंग बसतं तो ओतीव भाग) किंवा लोअर आर्म वाकू शकतो. वाकलेला भाग बाहेरून साधा दिसतो, पण दुसऱ्या बाजूच्या भागाशेजारी ठेवला की फरक कळतो. एका बाजूचा कॅम्बर अचानक गेला असेल तर मार लागलाय असं धरा. दोन्ही बाजूंचा हळूहळू गेला असेल तर झीज किंवा बसलेल्या स्प्रिंगा.

माझ्या डाव्या चाकाचं मूळ लोअर आर्मच्या बुशात निघालं. रबर आतल्या धातूच्या नळीपासून सुटलं होतं. पहारीने आर्मला हलकेच रेटा दिला की तो डोळ्यांदेखत सरकायचा आणि सुटलेल्या जागेतून काळी पूड गळायची. दोन्ही बाजूंची बुशं बदलली, दुसरं काही केलं नाही, आणि चाक जवळपास एक अंशाने सुधारलं.

घरी कॅम्बर मोजता येतो का?

येतो. गवंड्याचा ओळंबा, पोलादी फूटपट्टी आणि संयम एवढंच लागतं. पण तयारीत कसूर केली तर आकडे खोटे येतात.

हवा सगळीकडे ठरलेल्या दाबाची ठेवा. डिकीतलं सामान काढा. स्टेअरिंग सरळ करा. गाडी चार-पाच मीटर पुढे-मागे ढकलून आणा आणि बॉनेटवर दोन-तीनदा भार देऊन सोडा, म्हणजे सस्पेंशन आपल्या जागी बसेल. जॅक काढल्याबरोबर मोजणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. गाडी खाली येते, टायर जमिनीला धरून राहतात आणि चाकं खोट्या कोनात अडकतात. मी पहिल्या वेळी असंच मोजलं आणि अख्खी दुपार नसलेला दोष शोधण्यात गेली.

मग जमीन तपासा. सोसायटीच्या पार्किंगला गटाराकडे उतार दिलेलाच असतो. पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी वापरतात तीच, पुढच्या दोन चाकांच्या टेकण्याच्या जागी धरा आणि उंचीतला फरक मोजा. ८०० च्या दोन चाकांमधलं अंतर साधारण १२०० मिलिमीटर आहे. त्यात १० मिलिमीटरचा उतार असेल तर जवळजवळ अर्धा अंश खोटा दिसतो, उंच बाजूच्या चाकाला निगेटिव्ह आणि सखल बाजूच्या चाकाला पॉझिटिव्ह. खाली पातळ प्लाय किंवा फरशीचे तुकडे घालून जागा सपाट करा. याहून सोपी युक्तीही आहे. एकदा मोजा, गाडी तोंड फिरवून बरोबर त्याच जागी उभी करा, पुन्हा मोजा आणि प्रत्येक चाकाच्या दोन आकड्यांची सरासरी घ्या. उतार आपोआप वजा होतो.

आता ओळंब्याची दोरी मडगार्डच्या कडेवरून चाकाच्या मध्यासमोर सोडा. दोरी टायरच्या खालच्या फुगवट्याला टेकता कामा नये. टेकत असेल तर वर लाकडाचा तुकडा लावून ती बाहेर घ्या. ओळंबा स्थिर होईपर्यंत थांबा. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजा, मग खालच्या कडेपासून. दोन्हींतल्या फरकाला रिमच्या या दोन कडांमधल्या उभ्या अंतराने भागा आणि ५७.३ ने गुणा. समजा वर ३८ मिलिमीटर, खाली ३० आणि रिमच्या कडांमधलं अंतर ३५०. फरक ८. आठ भागिले ३५० गुणिले ५७.३ म्हणजे साधारण १.३ अंश. वरचं अंतर जास्त म्हणजे माथा आत, म्हणजे निगेटिव्ह. तेरा इंची रिमला ६ मिलिमीटर म्हणजे साधारण एक अंश, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

रिमच वाकडी असू शकते. म्हणून चाकाचा अर्धा फेरा होईल एवढी गाडी पुढे ढकलून पुन्हा मोजा आणि सरासरी धरा.

मोबाइलच्या ॲपने किंवा पाणसळीने नाही चालणार?

चालेल, पण फोन थेट टायरला टेकवू नका, फुगवट्यामुळे आकडा चुकतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेला टेकेल अशी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी धरा आणि त्यावर फोन किंवा चुंबक असलेला डिजिटल अँगल गेज ठेवा. फोनचा आकडा मी ओळंब्याशी ताडून बघतोच.

कामाला हात घालण्याआधी सुरक्षेचं काय?

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालू नका. चाक काढायच्या आधी दोन्ही बाजूंना घोडी (जॅक स्टँड) लावा, कंपनीने ठरवून दिलेल्या जागीच. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावा, हँडब्रेक ओढा, गिअर टाका. पेव्हर ब्लॉकवर जॅक हळूहळू रुततो. खाली दोन इंच जाडीची फळी घ्या. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या उंबऱ्याखाली आडवं सरकवून ठेवा. घोडी निसटलीच तर गाडी त्यावर बसेल. एकटे असाल तर घरात सांगून खाली उतरा.

आणि स्ट्रट सोडवून त्यातली स्प्रिंग काढण्याचं काम पार्किंगमध्ये करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. स्ट्रट बाहेर काढून स्प्रिंग बदलण्यापुरता चांगल्या गॅरेजला द्या आणि परत आणून स्वतः बसवा.

कोणता भाग झिजलाय हे कसं शोधायचं?

चाक हवेत ठेवून वर-खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, दोन्ही हातांनी धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ थांबला तर बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रट. तीन आणि नऊच्या जागी खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंगचा रॅक बघा. त्यानंतर टायरखाली पहार घालून चाक हलकेच वर उचला आणि नजर बॉल जॉइंटवर ठेवा.

माउंटिंगसाठी गाडी जमिनीवर असताना बॉनेट उघडा, कुणाला तरी स्टेअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि बोटं माउंटिंगच्या कडेला ठेवा, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालू नका. टक टक असा धक्का बोटांना लागला तर माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग गेलं.

स्प्रिंग बसली का ते मोजायला हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे घ्या. सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर संशय घ्या. स्प्रिंगा जोडीनेच बदलायच्या.

सगळे भाग चांगले आहेत, तरी अर्धा अंश चुकतोय. काय करू?

स्ट्रटचा खालचा भाग नकलला दोन बोल्टांनी जोडलेला असतो. त्या भोकांत बोल्टला किंचित मोकळीक असते आणि तेवढी आपल्याला वापरता येते.

आदल्या रात्री दोन्ही नटांवर गंज सोडवणारं तेल मारा. चाक काढा. स्ट्रट आणि नकल जिथे एकमेकांना भिडतात तिथे पांढऱ्या रंगाने बारीक रेघ ओढा, म्हणजे किती हललं ते कळेल. ब्रेकचा पाइप ताणला जाणार नाही हे बघा. नट फिरवताना बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्याने स्थिर धरा. काही गाड्यांत बोल्टच्या दांड्याला दाते असतात. डोकं फिरवलंत तर भोक खराब होतं.

दोन्ही नट सैल करा, काढू नका. निगेटिव्ह कमी करायचा असेल तर नकलचा वरचा भाग बाहेर ओढून धरा आणि त्याच स्थितीत कुणाला तरी नट आवळायला सांगा. पॉझिटिव्ह कमी करायचा असेल तर आत रेटा. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळतोय ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. नायलॉनवाले नट एकदा काढले की नवे घ्या.

चाक लावा, गाडी खाली घ्या, पुढे-मागे ढकला आणि पुन्हा मोजा. पहिल्या फेरीत बरोबर येत नाही. माझ्या उजव्या चाकाला तीन फेऱ्या लागल्या. एकेका फेरीत रेघ मिलिमीटरभर सरकायची, पण ओळंब्यावर फरक स्पष्ट दिसायचा.

कॅम्बर बोल्ट लावावेत का?

मोकळीक अपुरी पडत असेल आणि कुठलाही भाग वाकलेला नसेल तर लावा. हा बोल्ट मूळच्या बोल्टपेक्षा बारीक असतो आणि त्याच्या दांड्यावर एका बाजूला फुगवटा असतो. बोल्ट फिरवला की फुगवटा नकलला ढकलतो. साधारण अंशभर, काहींत थोडा जास्त फरक मिळतो. दोनपैकी एकाच भोकात घालायचा, बहुधा वरच्या. मूळ बोल्टच्या मापाशी ताडूनच घ्या आणि त्याच्या सोबत आलेल्या कागदावरचा टॉर्क पाळा. बारीक बोल्ट जास्त आवळला तर ताणतो.

मिस्त्री स्ट्रटचं भोक ग्राइंडरने लांबवून देतो म्हणाला, किंवा जॅक लावून खेचून देतो म्हणाला.

दोन्हीला नाही म्हणा. लांबवलेल्या भोकात बोल्ट खड्ड्यागणिक सरकतो, आणि ब्रेक दाबल्यावर येणारा सगळा भार त्याच जोडावर असतो.

खेचण्याचा अनुभव मी घेतला आहे. एका वर्कशॉपमध्ये चाकाला हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट वाकवला. स्क्रीनवर आकडा हिरवा झाला आणि मी समाधानाने घरी आलो. दोन महिन्यांत त्या स्ट्रटमधून तेल गळायला लागलं, कारण आतला दांडा सरळ चालत नव्हता. नवा स्ट्रट घ्यावा लागला. त्यात मूळचा दोष, ते फाटलेलं बुश, होता तसाच होता. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण पहारीचा एक रेटा कुणी दिला असता तर तो दोष त्याच दिवशी सापडला असता.

मागच्या चाकांचा कॅम्बर?

या गाड्यांत बहुतेकदा मागे अखंड एक्सल किंवा बीम असतो, तिथे फिरवायला काही नाही. मागचा टायर एका कडेने खात असेल तर बेअरिंग बघा, नाहीतर एक्सल वाकलाय.

माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे.

वर-खाली दोन आर्म असलेल्या सस्पेंशनची रीतच वेगळी. तिथे साधारणपणे आर्मच्या मुळाशी पातळ चकत्या घालून किंवा काढून कॅम्बर जुळवतात. त्या गाड्यांवर हात बसलेला जुना मिस्त्री शोधा.

हे काम कधी करावं?

दिवाळीनंतर. पावसाने झालेली मोडतोड तोवर समोर आलेली असते आणि जमीन कोरडी असते. पुन्हा एकदा मे अखेरीला टायरच्या आतल्या कडा बघा, कारण झिजलेली कड घेऊन जूनमध्ये ठाणे-बेलापूर रोडच्या साचलेल्या पाण्यातून जाणं धोक्याचं आहे. नक्षीच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीचे उंचवटे असतात. टायर कुठेही त्यांच्या पातळीला आला की संपला, मग बाहेरची बाजू कितीही नवी दिसो. खाडीकाठी ऐरोली, वाशी, कळवा या पट्ट्यात राहत असाल तर बोल्ट जास्त गंजतात. तेल दोन दिवस आधीपासून मारा.

गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर नोंदणीच्या नूतनीकरणाला आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. त्याच्या महिनाभर आधी हे उरकून ठेवा.

घरी सगळं केल्यावर पुन्हा मशीनवर जायचं?

हो, आणि त्याच दिवशी. नकल हलली की टो बदलतोच, आणि चुकलेला टो कॅम्बरपेक्षा लवकर टायर खातो. घरी दोरी लावून टो कामचलाऊ करा आणि जवळच्या दुकानापर्यंत सावकाश जा. दुकानदाराला आधीच सांगा, "दादा, कॅम्बर मी लावलाय, तुम्ही टो लावा आणि आधीचा-नंतरचा प्रिंट द्या."

प्रिंटवर डाव्या-उजव्या कॅम्बरमधला फरक अर्ध्या अंशाच्या आत हवा. एसएआय नावाचा आकडा (स्टेअरिंग फिरवताना चाक ज्या रेषेभोवती वळतं तिचा आतला कल) असेल तर तोही बघा. एका बाजूचा कॅम्बर चुकलेला पण एसएआय बरोबर असेल तर त्या बाजूचा स्ट्रट किंवा नकल वाकलेली आहे. दोन्ही चुकलेले, पण त्यांची बेरीज बरोबर असेल तर लोअर आर्म, क्रॉस मेंबर (इंजिनाखालची आडवी तुळई) किंवा बॉडीतली स्ट्रटची जागा सरकली आहे. बॉडी सरकली असेल तर ते काम घरचं नाही.

बुशं बदलली, पण महिन्याभरात पुन्हा फाटली. असं का?

आर्मचे बोल्ट गाडी हवेत असतानाच पूर्ण आवळले असणार. तसं केलं की गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. बोल्ट आधी हलके लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून सोडा आणि मग शेवटची आवळणी करा. खाली हात जात नसेल तर पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर चढवा.

नवे टायर आधी घ्यावेत की नंतर?

नंतर. जुन्या टायरवर शंभर किलोमीटर चालवा, स्ट्रटचे नट आणि चाकाचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, रंगाची रेघ हललेली नाही ना ते बघा आणि ओळंबा लावून एकदा मोजा. आकडा तोच आला की टायर घ्या.